चार अक्षरांतलं मूल



दहावी-अकरावीतलं तुमचं लेकरू हल्ली जेवता जेवता म्हणतं का, “मी आयएनएफपी आहे, मला लग्नाकार्यात माणसांत बसायला सांगू नका”? म्हणत असेल तर हसण्यावारी नेऊ नका. मोबाइलवर प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि सोळा स्वभावप्रकारांपैकी आपला कोणता ते चार इंग्रजी अक्षरांत मिळवायचं, अशी ती चाचणी आहे. मुलांना ती आवडते, कारण त्या वयात ‘मी असा का?’ हा प्रश्न फार छळतो आणि घरात तो कुणापुढे काढायचा हे कळत नाही. चाचणीनं निदान विचारलं तरी.

हे सोळा प्रकार मांडले अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची लेक इझाबेल मायर्स यांनी. दोघींनी मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. लेकीनं निवडलेला मुलगा आपल्या घरच्यांपेक्षा अगदीच निराळा आहे, हे कॅथरीनबाईंच्या लक्षात आलं आणि माणसांच्या स्वभावांचा त्यांचा अभ्यास वाढत गेला. पुढे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांचं स्वभावप्रकारांवरचं १९२१ सालचं पुस्तक इंग्रजीत आलं आणि त्यांना आधार सापडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इझाबेलबाईंनी त्यातून प्रश्नावली बनवली. जावई समजून घ्यायच्या धडपडीतून निघालेली ही वाट आहे, हे मला मनापासून आवडतं. समोरचा चुकीचा नाही, वेगळा आहे, एवढं जरी मुलाच्या मनात उतरलं तरी चाचणीनं काम केलं.

पण तिच्यावर भार किती टाकायचा? तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. साडेपाच फुटांवर रेघ मारून वरचे सगळे उंच आणि खालचे सगळे बुटके ठरवले, तर रेघेजवळच्यांचं जे होईल तेच इथं होतं. आणि बहुतेक माणसं मधेच असतात. शिवाय वर्णन वाचून “अगदी मीच!” वाटणं हा पुरावा नव्हे. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञानं ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून स्वभाववर्णन दिलं. ते किती जुळतं याला मुलांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांच्या हातात मजकूर मात्र एकच होता, आणि तो बराचसा भविष्याच्या पुस्तकातून घेतलेला.

आपल्याकडे राज्य मंडळानं श्यामची आई फाउंडेशनच्या साहाय्यानं २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली, ती तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. कृषी, वाणिज्य, ललित कला, कला व मानव्यविद्या, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा, अशी सात क्षेत्रं होती. कल म्हणजे ओढ. ती स्वभावाहून वेगळी आणि कुवतीहूनही वेगळी. आणि ओढ लागते ती पाहिलेल्याच गोष्टींची. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात पिढ्यान्‌पिढ्या घराघरातून माणसं फौजेत गेली. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच निघाली. तिथल्या पोरानं गणवेशावर खूण केली तर नवल नाही. मिरजेत एका मुलीचं बालपण दवाखान्यांच्या गर्दीत जातं, दुसरीचं सतारमेकर गल्लीत. दोघींच्या खुणा वेगळ्या पडणारच. म्हणून निकाल वाचण्याआधी मुलानं आजवर काय काय पाहिलंय ते आठवा. न पाहिलेलं दाखवणं आपल्या हातात आहे. सुट्टीत चार दिवस शेतीशाळेत, छापखान्यात, वर्कशॉपमध्ये नेऊन बसवा.

सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीची गोष्ट मुलांना जरूर सांगा. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. आजची कोणतीही चाचणी त्यांना ‘ललित कला’ म्हणाली असती. पुढं कळलं, त्यांना काही रंगांतला फरक ओळखूच येत नाही. रंग सुटले, पण रेघ सुटली नाही. ते यंत्रांची रेखाटनं शिकले, ती शिकवू लागले आणि १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर त्यांनी लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला. ओढ खरी होती, तिची वाट दुसरी निघाली. त्या वाडीत त्यांनी माणसंही कशी निवडली पाहा: परीक्षेत नापास झालेला एक जण व्यवस्थापक झाला, शाळा सोडलेला एक जण कल्पक तंत्रज्ञ झाला, आणि दरोड्याची शिक्षा भोगून आलेले दोघे वसाहतीचे विश्वासू राखणदार झाले. कागदावर या माणसांचा प्रकार काय आला असता? त्यांना काम दिलं गेलं, मग ती उमगली. मुलाच्या बाबतीत तुम्हालाही दुसरा रस्ता नाही. घरचं कार्य असो, गणपतीचं मंडळ असो की पुराच्या दिवसांतली धावपळ, एखादी जबाबदारी पूर्ण सोपवा आणि मधे न बोलता बघा.

बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि भवितव्य सांगणाऱ्यांना मात्र दारातूनच परत पाठवा. ठसे आईच्या पोटातच तयार होतात. त्यांवरून बुद्धी कळते याला शास्त्रीय आधार नाही. अकरावीची शाखाही चार अक्षरांवर ठरवू नका. आणि पोर कधीपासून गप्प असेल, झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, तर “तो अंतर्मुखच आहे” असं म्हणून सोडून देऊ नका. समुपदेशक गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येतं.

चाचणी घरात आलीच आहे तर ती अशी वापरून बघा. मुलानं काय उत्तरं दिली असतील त्याचा अंदाज तुम्ही लिहा, तुमची उत्तरं त्याला लिहू द्या. मग कागद अदलाबदल करा. जुळलेल्या उत्तरांवर फार थांबू नका. जिथं चुकलात तिथं त्याला विचारा, “असं कधी झालं होतं, सांग बरं.” तो सांगत असताना मधे आपली बाजू मांडू नका. आणि आई-बाबा कुठं कुठं चुकीचे वाचले गेले, तेही त्याला त्याच बैठकीत सांगा.