डेटाबेस सांभाळणारा माणूस : डीबीए नेमकं काय करतो?

शाळेच्या कार्यालयातलं जनरल रजिस्टर तुम्ही पाहिलं असेल. शहागंजच्या दुकानदाराला जशी खतावणी, तसं शाळेला हे रजिस्टर. त्यातली जन्मतारीख पुढे आयुष्यभर लागते. आज अशा नोंदी संगणकातही असतात. नीट रचून ठेवलेल्या या साठ्याला डेटाबेस म्हणतात आणि तो सांभाळणाऱ्याला डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजेच डीबीए.

माहिती तक्त्यांमध्ये मांडून तक्ते एकमेकांना जोडायचे, ही कल्पना आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडली. ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस ही सगळी तिचीच फळं.

ओळख क्रमांकाने

प्रत्येक शाळेला 11 अंकी यूडायस कोड असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे. आपल्या जिल्ह्यातील शाळांचे कोड 2719 ने सुरू होतात. 2023 मध्ये औरंगाबादचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, पण कोड तेच राहिले. नाव बदलू शकतं, दोघांचं एकच असू शकतं. म्हणून डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक देतात. त्याला 'प्रायमरी की' म्हणतात.

अर्धवट काम चालत नाही

2015 मध्ये राज्यात 'सरल' प्रणाली आली आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी ऑनलाइन झाल्या. आता समजा, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील मुलीने दुसऱ्या गावी प्रवेश घेतला. जुन्या शाळेच्या पटावरून नाव कमी झालं आणि नव्या शाळेत चढण्याआधीच वीज गेली तर? मुलगी कुठल्याच शाळेची नाही! असं होऊ नये म्हणून दोन्ही कामं एकत्र बांधतात. झाली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. यालाच 'ट्रान्झॅक्शन' म्हणतात. बँकेत पैसे पाठवताना हाच नियम असतो.

डीबीएचा दिवस

सकाळी आल्यावर पहिला प्रश्न : रात्रीचा बॅकअप नीट झाला का? मग डिस्कवर जागा किती उरली, कुठली चौकशी फार वेळ घेते, हे पाहायचं. कुणाला माहिती फक्त बघता येईल आणि कुणाला बदलता येईल, हे अधिकारही तोच देतो. मोठे बदल बहुधा रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, कारण दिवसा लोक काम करत असतात. सगळं सुरळीत चाललं की त्याची कुणालाच आठवण येत नाही. बंद पडलं की सगळे त्यालाच फोन करतात!

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बॅकअप घेतला म्हणजे काम संपलं नाही. त्यातून माहिती खरोखर परत येते का, हे अधूनमधून करून पाहावं लागतं. न तपासलेला बॅकअप म्हणजे कधीच न उघडलेली तिजोरी.

नवीन काय आलं?

पोस्टग्रेसच्या 17 व्या आवृत्तीत (2024) फक्त बदललेल्या भागाचा बॅकअप घेण्याची सोय आली. रोज अख्खं रजिस्टर उतरवण्याऐवजी आज बदललेलीच पानं उतरवायची, तसं. त्याच वर्षी ओरॅकलच्या 23एआय आवृत्तीत अर्थावरून शोधण्याची सोय आली. म्हणजे 'टीसी' शोधलं तर 'शाळा सोडल्याचा दाखला'ही सापडू शकतो, शब्द वेगळे असले तरी.

पण मित्रांनो, जन्मतारीख भरतानाच चुकली, तर डेटाबेस ती चूकही तितक्याच इमानदारीने जपून ठेवतो. तारीख दिसायला बरोबर असेल, तर ती खरी की खोटी हे त्याला कळत नाही. म्हणून माहिती भरणारा आणि ती जपणारा, दोघांचीही जबाबदारी सारखीच मोठी.

करून पहा : वर्गातील दहा मुलांचा तक्ता तयार करा. नाव, जन्मतारीख, गाव असे रकाने करा. 'प्रायमरी की' म्हणून कुठला रकाना घ्याल? का? आपल्या शिक्षकांशी चर्चा करा.