राज्य गेल्यानंतरची विद्या : तंजावरचे सरफोजी राजे

पानिपतजवळील काला अंब येथील स्मारकस्तंभ 14 जानेवारी 1761 च्या संहाराची आठवण देतो. मराठ्यांच्या इतिहासाची दिशा पुण्याहून उत्तरेकडे जाणारी, हा समज अशा स्मारकांनी दृढ केला आहे. दक्षिणेकडे, व्यंकोजी भोसल्यांनी स्थापिलेल्या तंजावरच्या गादीचे स्मारक मात्र रणभूमीवर नाही. ते ग्रंथालयात आहे. मराठी वाङ्मयेतिहासात त्यास बहुधा एखाद्या परिच्छेदापुरतेच स्थान मिळते.

दुसरे सरफोजी (1777–1832) हे तुळजाजींचे दत्तक पुत्र. श्वार्त्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. 1798 मध्ये ते गादीवर बसले आणि 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला, वार्षिक एक लाख पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले.

सत्तेला पारखा झालेला राजपुरुष विद्येकडे वळतो, याचे एक लक्षणीय उदाहरण चीनमध्ये आढळते. मिंग सम्राट होंगवू याचा पुत्र चू छ्वान (1378–1448) उत्तर सीमेवरील सेनेचा अधिपती होता. त्याचा भाऊ योंगल सम्राट झाल्यावर त्याची रवानगी दक्षिणेस नानचांगला झाली. तेथे त्याने चहापानावर ग्रंथ लिहिला, नाट्यगीतांची मीमांसा केली आणि 1425 मध्ये ‘शनछी मीफू’ हा गूछिन या तंतुवाद्याच्या जुन्या रचनांचा लिपिबद्ध संग्रह सिद्ध केला. संशयी सम्राटाच्या छायेत चहा आणि वीणा यांइतके निरुपद्रवी दुसरे काय असणार?

सरफोजींच्या व्यासंगालाही निवृत्त राजाचा विरंगुळा म्हणणे सोपे आहे, परंतु ते अपुरे आहे. संगीताची परंपरा त्यांच्या घरातच होती. पहिल्या तुळजाजींचा ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्धच आहे. सरफोजींनी त्या दरबारात पाश्चात्त्य वाद्ये आणविली, आणि भरतनाट्याच्या मांडणीस घडविणाऱ्या चौघा तंजावर बंधूंनाही त्यांचा आश्रय लाभला. चू छ्वानने जुने जपले. सरफोजींनी जुन्याशेजारी नवे बसविले.

‘देवेंद्र कोरवंजी’ या त्यांच्या मराठी नाटकात याचा प्रत्यय येतो. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरी जमातीची स्त्री भविष्य सांगते. सरफोजींनी तिच्या मुखातून जगाचा भूगोल वदविला. आकृती तमिळ, भाषा मराठी, आशय युरोपीय विद्येचा, आणि हे सारे गाण्यासाठी! शुद्ध रसदृष्टीने पाहणाऱ्या टीकाकारास ही रचना रुक्ष वाटेल, आणि तो सर्वस्वी चुकीचाही ठरणार नाही. पण नवे ज्ञान पाठशाळेबरोबरच रंगभूमीवरूनही द्यावे, ही कल्पना त्या काळी मराठीत अन्यत्र क्वचितच दिसते. देवनागरी खिळ्यांचा छापखाना आणि ‘नवविद्याकलानिधी’ शाळा हे याच दृष्टीचे फलित होय. मराठी मुद्रणाची कथा सेरामपूर आणि मुंबई यांपुरती सांगणे म्हणूनच एकांगी ठरते.

सरस्वती महालाचा मूळ संग्रह नायक राजांच्या काळचा. सरफोजींनी 1820 साली निघालेल्या काशीयात्रेतही पोथ्या मिळविल्या. तत्पूर्वी, 1803 मध्ये, त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले होते. राज्य जाऊन तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. मोडी आणि तमिळ या दोन्ही लिपींत सहज वावरणारा अभ्यासक आज विरळा झाला आहे. त्यामुळे या लेखाच्या व तंजावरच्या दप्तरांच्या भाषेचा वेध घेण्याचे बरेच काम अजून बाकी आहे.