न्यायालयीन अधिकारांचे प्रत्यायोजन : काम सोपविता येते, निर्णय नव्हे

कोणत्याही मोठ्या कार्यालयात सर्व कामे एकाच अधिकाऱ्याने पार पाडणे शक्य नसते. म्हणून काही अधिकार हाताखालील अधिकाऱ्यांकडे सोपविण्यात येतात. यालाच अधिकारांचे प्रत्यायोजन म्हणतात. न्यायालयेही यास अपवाद नाहीत. मात्र वादाचा निकाल देण्याचा जो अधिकार कायद्याने न्यायाधीशास दिला आहे, तो कायद्याच्या आधाराशिवाय इतरांकडे सोपविता येत नाही. ही मर्यादा नीट ध्यानी घेतली, तर ग्रामीण भागातील पक्षकारांचे अनेक गैरसमज दूर होतील.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत प्रत्यायोजनास स्पष्ट आधार आहे. कलम १२८ नुसार प्रबंधक, प्रोथोनोटरी, मास्टर किंवा न्यायालयाचे अन्य अधिकारी यांच्याकडे विवक्षित कामे सोपविण्याची तरतूद नियमांद्वारे करता येते.

साक्षीपुरावा

१ जुलै २००२ पासून अमलात आलेल्या सुधारणांनुसार साक्षीदाराची सरतपासणी शपथपत्रावर होते. उलटतपासणी न्यायाधीश स्वतः नोंदवितात किंवा त्यासाठी आयुक्त नेमतात. आयुक्ताने आपला अहवाल सामान्यतः साठ दिवसांत सादर करावयाचा असतो. साक्षीदाराच्या वर्तनाविषयी शेरा लिहिण्याची त्यास मुभा आहे. परंतु एखाद्या प्रश्नास हरकत घेतली गेल्यास ती केवळ नोंदवून ठेवणे एवढेच त्याचे काम होय. त्या हरकतीचा निर्णय युक्तिवादाच्या वेळी न्यायालयच देते.

स्थळपाहणी

बांधाच्या किंवा वहिवाटीच्या वादात न्यायालय जागेच्या पाहणीसाठी आयुक्त पाठविते. त्याचा अहवाल हा दाव्यातील पुरावा ठरतो, निकाल नव्हे. न्यायालयाच्या परवानगीने पक्षकारास आयुक्ताची तपासणी करता येते. कामकाज असमाधानकारक वाटल्यास न्यायालय अधिक चौकशीचाही आदेश देऊ शकते. मात्र हजर राहण्याचा आदेश असूनही पक्षकार गैरहजर राहिला, तर त्याच्या पश्चात काम उरकता येते. “कोर्टात काय ते बघू” असे म्हणून मोजणीच्या दिवशी घरी बसणे म्हणूनच हिताचे नसते.

शेतजमिनीचे वाटप

महसुलाची आकारणी असलेल्या जमिनीच्या वाटपात कामाची विभागणी अधिकच ठळक दिसते. कोणाचा हिस्सा किती, हे दिवाणी न्यायालय हुकूमनाम्याने ठरविते. प्रत्यक्ष सरस-निरस वाटप मात्र कलम ५४ नुसार जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला राजपत्रित अधिकारी करतो. जमिनीचा पोत, पाणी, रस्ता यांचा विचार महसूल यंत्रणेस अधिक चांगला करता येतो, हे यामागील व्यावहारिक कारण होय. परंतु हुकूमनाम्यात बहिणीस एक-तृतीयांश हिस्सा दिला असेल, तर तो एक-चतुर्थांश करण्याचा अधिकार कोणत्याही महसूल अधिकाऱ्यास नाही. कुटुंबातील इतरांचा आग्रह किंवा गावातील रूढी ही त्यास सबब होऊ शकत नाही.

प्रत्यायोजनाने न्यायाधीशाचा वेळ वाचतो आणि तज्ज्ञांच्या ज्ञानाचा लाभ मिळतो. पण ज्याच्याकडे काम आले, त्याने आपल्या अधिकाराची सीमा ओलांडली, तर न्याय लांबतो आणि दुबळा पक्षकार नाडला जातो. यास्तव सोपविलेले काम हाती घेताना अधिकाऱ्याने न्यायालयाचा आदेश मुळातून वाचावा. पंचायत सदस्य व शिक्षक यांनीही ग्रामस्थांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात : आयुक्तासमोर वेळेवर हजर राहा आणि आपली हरकत लेखी नोंदवा.