रुपयाचं चिन्ह आणि पवईचे अक्षरवेडे

प्रश्न : रुपयाचं चिन्ह आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्याने तयार केलं, असं वाचलं. जिथे यंत्रं आणि संगणक शिकवतात, तिथे अक्षरं काढायला कोण शिकवतं? माझी मुलगी चित्रं छान काढते. तिला तिथे शिकता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही वाचलेलं खरं आहे. आयआयटी मुंबईच्या पवईतल्या आवारात १९६९ मध्ये इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं. तिथले लोक त्याला ‘आयडीसी’ म्हणतात. ते उभं केलं सुधाकर नाडकर्णी यांनी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर जर्मनीत उल्मला शिकून आलेले हे गृहस्थ. इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि चित्रकार इथे एकाच वर्गात बसतात. या शेजारामुळेच इथली कामं वेगळी होतात.

रुपयाचं चिन्ह काढणारे डी. उदय कुमार मूळचे आर्किटेक्ट. चेन्नईत वास्तुकला शिकून ते आयडीसीत आले आणि तमिळ अक्षरांच्या घडणीवर पीएचडीचा अभ्यास केला. सरकारच्या खुल्या स्पर्धेत तीन हजारांहून जास्त प्रवेशिका होत्या. १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने त्यांचं चिन्ह मान्य केलं. त्यात देवनागरी ‘र’ आहे आणि उभा दांडा काढून टाकलेला रोमन ‘आर’ही आहे. वर शिरोरेषा, खाली तिला समांतर दुसरी रेघ. दोन रेघांमधल्या मोकळ्या जागेतून तिरंगा सुचवला आहे. न काढलेल्या जागेलाही अर्थ देणं, हा आर्किटेक्टचा गुण.

पण चिन्ह कागदावर उतरलं म्हणजे चलनात आलं असं नाही. संगणकाला ते कळण्यासाठी त्याला क्रमांक लागतो. तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडने दिला. मग ते फॉन्टमध्ये आलं, कीबोर्डवर आलं, नाण्यांवर आलं. कलेला तंत्राची साथ इथे लागते.

शिक्षकांचं कामही तुमच्या घरात पोहोचलेलं आहे. विंडोजवर मराठी वाचताना वर्षानुवर्षं दिसत आलेला ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशी यांचा. ते सुलेखनकार, कवी आणि आयडीसीतले प्राध्यापक होते. बोरूच्या वळणाची जाण असलेल्या माणसाने संगणकाच्या पडद्यासाठी देवनागरी घडवली. प्रा. गिरीश दळवी यांचा सहभाग असलेला ‘मुक्ता’ फॉन्ट कुणालाही विनामूल्य वापरता येतो. प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या चमूने २०१३ मध्ये मोबाइलसाठी ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड आणला. त्यात अक्षरं आपल्या वर्णमालेच्या क्रमानेच लावलेली आहेत. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती चक्र उघडतं आणि त्यात का, कि, की, कु दिसू लागतात. पहिलीत घोकलेली बाराखडी इथे बोटाखाली येते. इंग्रजी कीबोर्डशी झटापट करणाऱ्या माणसाला यात केवढा आधार आहे! मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण त्यात यंत्र माणसाच्या सवयीकडे आलं आहे.

आता मुलीविषयी. बारावी कोणत्याही शाखेतून करून ‘यूसीड’ ही प्रवेश परीक्षा देता येते. त्यातून डिझाइनच्या पदवीला प्रवेश मिळतो. ही पदवी आयआयटी मुंबईत २०१५ पासून आहे. आधी दुसरी पदवी घेऊन मग ‘सीड’ परीक्षेमार्गे एमडेस, म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, करण्याची वाटही खुली आहे. उदय कुमारांसारखी आधी वास्तुकला, मग अक्षरं, अशी वळणं तिथे चालतात. चित्रकला हवीच, पण नुसता हात चांगला असून भागत नाही. समोरच्या माणसाला काय अडतंय, हे पाहण्याची नजरही लागते.

आज तिला कोऱ्या कागदावर ‘र’ काढायला सांगा. मग शिरोरेषेखाली आणखी एक रेघ ओढून बघू दे. आणि ती रेघ तिथेच का, यावर तिच्याशी बोला. तिथला अभ्यास अशाच प्रश्नांचा असतो.