हळदीचे पेटंट
रायपूरच्या गोलबाजारात हळकुंडे घेणाऱ्या गृहिणीस कापलेल्या बोटावर हळद दाबण्यास कोणाची अनुमती लागत नाही. अमेरिकेने मात्र मार्च १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास दिले. ते अमेरिकेपुरतेच होते. गोलबाजारास धोका नव्हता. पण त्या उपयोगासाठी तेथे हळद पाठविणाऱ्या निर्यातदाराची वाट अडू शकली असती. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. आजीबाईचा बटवा तेव्हा तेथे पुरावा ठरत नसे, छापील आधार लागे! परिषदेने संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांसह ३२ संदर्भ सादर केले. नावीन्यच नसल्याने १९९७ मध्ये पेटंट रद्द ठरले. २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्यास प्रारंभ झाला. आता अमेरिकेतील परीक्षकांस हे दाखले पेटंट देण्यापूर्वीच पाहता येतात.