वादळानंतरचा किनारा

प्रश्न : परदेशात हिवाळी वादळांनंतर स्वयंसेवक किनाऱ्यांची पाहणी करतात. डोंबिवलीच्या आमच्या गटाला हे जमेल का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जमेल, पण हिवाळ्यात नाही. आपला समुद्र तेव्हा शांत असतो. तो खवळतो जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत डांबराच्या गोळ्या, तुटकी जाळी, जखमी कासवं किनाऱ्याला लागतात. दिवा-वसई गाडीने वसई गाठा, तिथून केळवे किंवा डहाणू.

दर वेळी तोच पट्टा चाला, ओहोटी लागल्यावर, भरतीने सोडलेल्या काडीकचऱ्याच्या रेघेने. काहीच सापडलं नाही तर तेही लिहा. उत्साही गट नेमकं हेच विसरतात. फोटोत मापासाठी पट्टी ठेवा.

जाळ्यात अडकून पर कापलेलं कासव दिसलं तर त्याला पाण्यात ढकलू नका. माया म्हणून लोक तेच करतात आणि ते दमून बुडतं. सावलीत ठेवा, गर्दी हटवा, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. डहाणूत कासवांचं उपचार केंद्र आहे. मेलेल्या डॉल्फिनला हात लावू नका, सेल्फी तर नकोच.

हिवाळा रिकामा वाटत असेल तर ठाणे खाडीवर रोहित (फ्लेमिंगो) मोजा. २०२२ पासून तिथलं रोहित अभयारण्य रामसर यादीत आहे.