प्रवचन आणि प्रवचनकार



एकदा वर्गात एका मुलाने आम्हांस विचारले, "सर, रविवारचे प्रवचन ऐकताना झोप का येते?" सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि प्रश्न टाळून पुढील पाठास लागलो. परंतु तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा खचित नव्हता. त्या दिवशी राहून गेलेले उत्तर आज देण्याचे योजिले आहे. कॅथलिक प्रवचन म्हणजे काय, ते करणाऱ्या धर्मगुरूचे जीवन कसे असते, आणि ऐकणाऱ्याच्या वाट्यास कोणते काम येते, हे क्रमाने पाहू.

प्रवचन हे केवळ भाषण नव्हे. मिस्साविधीत शास्त्रपाठ वाचून झाल्यावर त्याच पाठांचा अर्थ उपस्थितांच्या जीवनास लावून दाखविणे, यास प्रवचन म्हणतात. विषयाची निवड बहुधा प्रवचनकाराच्या हाती नसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, रविवारच्या पाठांची तीन वर्षांची मालिका ठरविण्यात आली. पहिल्या वर्षी मुख्यत्वे मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क व तिसऱ्या वर्षी लूक यांची शुभवर्तमाने वाचतात. योहानाचे शुभवर्तमान विशेषेकरून प्रायश्चित्तकाळात व पास्काकाळात येते. पाठ असे नेमलेले असतात, पण ऐकणारे सर्वत्र सारखे नसतात. कोळीवाड्यातील माणसाची चिंता निराळी, गिरणगावातील माणसाची निराळी. नेमलेल्या पाठापासून या निरनिराळ्या माणसांपर्यंत पूल बांधणे, हे प्रवचनकाराचे खरे काम होय.

हा पूल बांधावयास विद्या लागते. ट्रेंट येथील परिषदेने १५६३ साली धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी स्वतंत्र विद्यालये काढण्याची आज्ञा केली. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे उमेदवारास किमान दोन वर्षे तत्त्वज्ञान व चार वर्षे ईशज्ञान शिकावे लागते, आणि पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यावाचून सामान्यतः गुरुदीक्षा मिळत नाही. कोणी म्हणेल, साध्या माणसांपुढे बोलावयास एवढी विद्या कशाला? आम्ही शिक्षक अनुभवाने सांगतो की, लहान मुलास सोपे करून सांगावयास विषय अधिकच खोल ठाऊक असावा लागतो.

विद्येबरोबर भाषाही लागते. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी केली. तोपर्यंत प्रवचन लोकभाषेत झाले तरी मिस्साच्या प्रार्थना लॅटिनमध्येच चालत. परंतु लोकांच्या भाषेचे मोल त्याच्या कितीतरी आधी आपल्या शेजारी ओळखले गेले होते. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, मराठी शिकले, आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' रायतूर येथे छापून निघाले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. नवख्रिस्ती जनांचा कान ओवीस सरावलेला आहे, हे जाणून त्यांनी शुभवार्ता ओवीतच बसविली. तात्पर्य, शिकविण्यापूर्वी ते शिकले.

तथापि विद्या व भाषा एवढ्यानेही भागत नाही. फ्रान्समधील जॉन मारी व्हियानी यांस लॅटिन काही केल्या जमेना. परीक्षेत ते मागे पडत. मोठ्या कष्टाने १८१५ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली व १८१८ साली आर्स नावाच्या लहानशा खेड्यात त्यांची नेमणूक झाली. आरंभी ते प्रवचन सबंध लिहून काढीत व पाठ करीत; तरीही कधी कधी मध्येच विसरत. पुढे पापनिवेदन ऐकण्यात त्यांचे दिवस जाऊ लागले आणि दूरदूरचे लोक त्या खेड्यात येऊ लागले. परीक्षेत मागे पडलेल्या या धर्मगुरूंस १९२५ साली संतपद मिळाले. आज ते धर्मग्रामांतील गुरूंचे आश्रयदाते संत आहेत. अभ्यासात मागे पडणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे चरित्र अवश्य ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण एल साल्वादोर देशाचे. ऑस्कर रोमेरो १९७७ साली तेथे आर्चबिशप झाले. त्यांचे रविवारचे प्रवचन नभोवाणीवरून घरोघरी ऐकू येई. शास्त्रपाठ उलगडून झाला की ते त्या आठवड्यात मारल्या गेलेल्यांची व नाहीशा झालेल्यांची नावे वाचीत. २३ मार्च १९८० रोजी त्यांनी सैनिकांस बजावले की, निरपराध्यांस मारण्याची आज्ञा पाळण्यास तुम्ही बांधलेले नाही. दुसऱ्याच दिवशी सायंकाळी मिस्सा चालू असता वेदीपाशी त्यांस गोळी घालण्यात आली. २०१८ साली त्यांस संत घोषित करण्यात आले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. रोमेरो यांची प्रवचने पुष्कळदा तासाहून अधिक चालत आणि लोक जिवाचा कान करून ऐकत. उलटपक्षी, २०२४ साली पोप फ्रान्सिस यांनी सांगितले की, प्रवचन आठ मिनिटांहून लांबू नये, नाही तर लोक झोपी जातात! दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जे शब्द ऐकणाऱ्याच्या दुःखाला शिवत नाहीत व बोलणाऱ्याच्या जीवनातून येत नाहीत, ते आठ मिनिटेही जड वाटतात. कित्येक देशांत काही धर्मगुरूंनी बालकांवर केलेले अत्याचार उघडकीस आले. त्यावर विचार करण्यासाठी २०१९ साली व्हॅटिकनमध्ये बिशपांची सभा भरवावी लागली. ही गोष्ट लपविण्याजोगी नाही. एका गुरूचे जीवन शब्दास सोडून गेले, तर इतर हजारोंच्या शब्दाचाही विश्वास उणावतो.

तरी बहुसंख्य गुरूंचा दिवस आपल्या दृष्टीआड कष्टात जातो. पहाटेची प्रार्थना, मिस्सा, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, अंत्यविधी, शाळेचे हिशेब, भांडणाऱ्या भावांची समजूत, आणि रात्री रिकाम्या घरी एकट्याने जेवण. यातूनच रविवारच्या प्रवचनासाठी वेळ काढावयाचा असतो. २०२३ अखेर जगात सुमारे १४० कोटी कॅथलिक व सुमारे ४ लाख ७ हजार धर्मगुरू होते. म्हणजे एका गुरूमागे साधारण साडेतीन हजार माणसे!

म्हणून ऐकणाऱ्यानेही आपला वाटा उचलावा. विद्यार्थ्यांनी शनिवारी रात्री दुसऱ्या दिवसाचा शास्त्रपाठ एकदा वाचावा, आणि रविवारी घरी आल्यावर प्रवचनातील एक वाक्य वहीत लिहून त्यापुढे आपली एक शंका मांडावी. पालकांनी जेवताना ती शंका ऐकून घ्यावी. आणि उत्तर न सुचल्यास मुलास धर्मगुरूंकडे पाठवावे. आमच्याप्रमाणे हसून प्रश्न टाळू मात्र नये.